तुमच्या पणजोबांचं नाव

प्रिय बाबा,

काल तुमचा बारावा दिवस झाला. इथे अमेरिकेत, शॉमबर्गच्या घरी आता आई आणि मीच. कालचं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहितेय. मराठी चुकेल. लाल पेन घेऊन बसू नका.

तुमचा लेक निखिल विधीला बसला नाही. माझा विश्वास नाही म्हणाला आणि मंदिराच्या पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला. मुंज तुम्ही त्याची केलीत, संध्या त्याला शिकवलीत. मला का नाही हो शिकवलंत?

मग मीच बसले. गुरुजी जरा घुटमळले, पण आईने मान डोलावली तशी त्यांनी मांडणी सुरू केली. गेलेल्या माणसाच्या पिंडाचे तीन भाग करून ते त्याचे वडील, आजोबा आणि पणजोबा यांच्या पिंडांत मिसळतात, मग तो पितरांत जातो, असं त्यांनी मला समजावलं. त्यासाठी तिघांची नावं हवीत.

आजोबांचं मला माहीत होतं. त्यांच्या वडिलांचं अमरावतीच्या आत्याला फोन करून मिळालं. तुमच्या पणजोबांचं मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. "ते एका दादालाच माहीत होतं गं," ती म्हणाली.

बाबा, जानेवारीत तुम्ही मला हाक मारली होतीत. वही आण, घराण्याची नावं सांगतो म्हणालात. मी लॅपटॉपवरून मानही वर केली नाही. "बाबा, मीटिंग आहे. वीकेंडला करू."

त्याच शुक्रवारी तुम्हाला स्ट्रोक आला. पुढचे दोन महिने तुम्ही माझ्याकडे नुसते बघत होतात. काय सांगायचं होतं?

गुरुजी म्हणाले, नाव ठाऊक नसलं तरी चालतं, नुसतं नातं म्हणा. चालत असेल. तुमचा पिंड मी माझ्या हातांनी मोडला. शेवटचा भाग मिसळला तो कुणात, ते मला माहीत नाही. यातलं खरं किती, तेही माहीत नाही.

परतताना कारमध्ये आईने विचारलं, "माझ्या वेळी तूच बसशील ना?" मी हो म्हटलं.

आज सुट्टी घेतलीय. आई खाली चहा ठेवतेय. तिची सासू, आजेसासू, तिची आई, आजी, आठवतील तेवढ्या सगळ्या बायकांची नावं मी तिच्याकडून लिहून घेईन, बाबा. विधीत ज्यांचं नाव घेतच नाहीत, त्यांचीसुद्धा. ती सांगू शकतेय तोवर.

तुमची,
मीनल