घरची

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज कामाचा पहिला दिवस. धावड्याहून जालन्याला येऊन आठच दिवस झाले आणि काम लागलं, तेही बसून करायचं. सगळा जन्म मेंढरांमागे गेला, आता म्हातारपणी या म्हस्कूला गादीची खुर्ची. कंपनी लहान आहे. पाच दवाखान्यांतल्या पेशंटांचे कागद इथल्या मशिनीत असतात. मी एका पडद्याकडे बघायचं. ओळ हिरवी असली म्हणजे कागदांना कुणी हात लावलेला नाही. लाल झाली की प्रियदर्शनी मॅडमला हाक मारायची. हिरवी म्हणजे हिरवीच ना, असं मी तीनदा विचारून घेतलं. त्या हसल्या. रोज काय दिसलं ते लिहायला त्यांनी ही वही दिली. मी सातवीपर्यंत शिकलो, अक्षर बरं आहे.

डब्यात घरची भाकरी, लसणाची चटणी. जेवताना घरची आठवण आली. घरची खोलीवर एकटी आहे, जागा नवी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिचं रक्त मशिनीवर धुवावं लागतं. त्यासाठीच मेंढरं भावाकडे देऊन गाव सोडलं. एक वार चुकला तरी पाय सुजतात, धाप लागते. दोन चुकले तर काय होतं ते डॉक्टरांनी सांगितलंय, मी इथे लिहीत नाही. सकाळी निघताना म्हणाली, "आता मेंढरं बसल्या जागी मोजणार म्हणा की."

९ जानेवारी, गुरुवार

चार दिवस ओळ हिरवी. मॅडमनी दाखवलं, घरचीचा कागदही याच मशिनीत आहे. फोटो, वय, रक्त धुण्याचे वार. नावही होतं. ते इथे लिहीत नाही. आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात एकदा घ्यायला लावलं होतं, तेव्हा जीभ अडखळली होती. चव्वेचाळीस वर्षं घरची म्हणतो, ती ओ देते.

टेबलाखाली हाताला काही कोरलेलं लागलं. वाकून वाचलं. तातेराव. माझ्याआधी इथे तातेराव बसायचे का, असं मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्याआधी या खुर्चीवर कुणीच नव्हतं. पण गादी मधोमध दबलेली आहे. माझ्या चार दिवसांच्या बसण्याने एवढी दबणार नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

घरचीने तीळगूळ हातावर ठेवला. म्हणाली, "गोड बोला. त्या पडद्याशी पण." हसतच दवाखान्यात गेलो. तिथे खिडकीतल्या माणसाने मशिनीत बघितलं आणि असा पेशंटच नाही म्हणाला. शेवटी आमच्या ओळखीच्या शिवकन्या सिस्टर धावून आल्या. "मावशीला मी वळखत न्हाई का," म्हणत त्यांनी तिला आत घेतलं.

तिथून तडक कामावर आलो. ओळ हिरवी. मग कागद गेला कुठे? खोलीला कुलूप लावलं होतं की नाही, तेही आठवेना.

१५ जानेवारी, बुधवार

मॅडमनी कोरा कागद समोर धरून समजावलं. खाली एक जाड पान असतं. त्यावर कुणी लिहीत नाही. दवाखान्याचं काम एका बंद डब्यात चालतं. डबा उघडला की जाड पानावर काचेसारखा आरपार दिसणारा पातळ ताव पसरतो. जे लिहायचं ते त्या तावावर. काही खोडायचं तर तावावर पांढरा ठिपका लावायचा. वरून बघणाऱ्याला खालचं नाव दिसत नाही, पण खालचं पान जसंच्या तसं असतं. आणि आपली हिरवी ओळ खालच्या पानावरच नजर ठेवते.

म्हणजे मेंढरांभोवती जाळी लावून मी बाहेर राखण करून राह्यलो आणि लांडगा जाळीच्या आतच.

मॅडमनी डबा बंद करून परत उघडला. जुना ताव गेला, कोरा आला. घरचीचा कागद खालून वर दिसला. ठिपका कुणी लावला होता विचारलं, तर म्हणाल्या, ते आता कळणार नाही. ताव फेकला, त्याच्यावरची खूणही गेली. तावावरही नजर ठेवा अशी मी विनंती केली. बघू म्हणाल्या.

१७ जानेवारी, शुक्रवार

परत कागद नाही. मी शिवकन्या सिस्टरना शोधून आणलं. त्या आल्या आणि मलाच विचारलं, "बाबा, पेशंट कुठंय?"

घरची माझ्या शेजारी बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी होती. मी बोट दाखवलं. सिस्टर बाकाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. पाणी प्या, म्हणाल्या.

रक्त धुणं झालं नाही. येताना रिक्षावाल्याने तिच्याच जागेवर दुसरा माणूस बसवला. तिने अंग चोरलं.

१८ जानेवारी, शनिवार

मॅडमना म्हटलं, डबा बंद करा, कोरा ताव आणा. त्यांनी केलं. कागद आला नाही. कसला कागद, असंही त्यांनी विचारलं. काल नवीन पान तयार केलंय म्हणाल्या. वरचा ताव खालच्या पानाला चिकटवून एकच जाड पान केलं. ठिपक्यासकट. आता ओळ त्या नव्या पानाची राखण करते. ओळ हिरवी.

जुनं पान मागितलं. ठेवत नाहीत म्हणे. जागा खातं.

२० जानेवारी, सोमवार

घरचीचे पाय सुजलेत. धाप लागते. भाकरी थापते — थाप ऐकू येते, परात हलते — हात नीट दिसत नाहीत.

शेजारच्या गोपिकाबाई दारात आल्या. एकट्या माणसाला एवढ्या भाकरी लागतात का, विचारलं. घरची पदर सावरून या म्हणाली. गोपिकाबाई माझंच तोंड बघत होत्या.

कामाला निघताना कुलूप हातात घेतलं. बाहेरून लावायचं नाही. ती आत आहे. आत आहे ना —

२१ जानेवारी, मंगळवार

आज तिचा वार. दवाखान्याने दारातूनच परत पाठवलं. मॅडमपुढे ही वही ठेवली. म्हटलं, मशिनीतलं राहू द्या, हा माझा कागद वाचा, यात ती आहे. त्यांनी बोट ठेवून वाचलं. घरची भाकरी. घरची आठवण. ती जिथे बोलली त्या ओळींवरून बोट न थांबता पुढे गेलं, जसं कोऱ्या जागेवरून जातं. मग मला हळूच म्हणाल्या, "आजोबा, घरची काय? म्हैस होती का?"

थट्टा नव्हती. मायेने विचारलं.

वहीतलं काही खोडलेलं नाही. अक्षर माझंच. सगळं तसंच — मीच नाव लिहिलं नाही. एकदाही —

२२ जानेवारी, बुधवार

सकाळ. गॅस थंड. अंथरूण अजून गरम आहे. कोपऱ्यातून धाप ऐकू येते. दिसत काही नाही — धाप आहे.

घरची म्हणून हाक मारली. ओ नाही. नावानेच मारावी लागेल. आधी लिहितो. लिहिलं की राहील.

पडद्यावर वाचलं होतं. लग्नात घेतलं होतं. हळदीचा वास, बाया हसत होत्या, आणि मी म्हणालो —

धाप थांबली. नाही. आली परत. बारीक.

पहिलं अक्षर आठवतं. पुढचं येईल, लिहिता लिहिता येईल. माझी बायको, धावड्याची, तिचं नाव सा