कूलरचा डक्ट आणि कापसाची खोली

२२ मार्च, घाटंजी
कूलर लावला, दहा मिनिटांत बंद केला. जाळीतून काळपट तंतू उडून थेट बायकोच्या उशीवर. कमल खोकत उठली, अर्धा तास नुसती बसून. दम्याचा पंप ओढावा लागला.
गच्चीवर मोठा कूलर हौसेनं बसवला होता, पत्र्याच्या डक्टनं तिन्ही खोल्यांत हवा. यंदा दोनच. तिसरीत कापूस आहे. भाव येईपर्यंत कुलूप.

२४ मार्च
मुलाचा पुण्याहून फोन. "बाबा, तुम्ही वर चढू नका. चांगली सर्व्हिस पाहा." पाहा म्हणे. इथं काय ओळीनं दुकानं मांडली आहेत? यवतमाळला एक नंबर मिळाला. त्यांचा पहिला प्रश्न, घर किती मोठं. डक्ट किती लांब ते विचारलंच नाही. तेव्हाच समजायला हवं होतं.

२७ मार्च
यवतमाळवाले दोघं आले. गळ्यात ओळखपत्रं. जाळीत हात जाईल तेवढंच पुसलं आणि फोटो काढले, आधीचा आणि नंतरचा. म्हटलं, आतलं काय? "आतलं हवाच साफ करते, काका." मग तुम्ही कशाला आलात?
बंद खोली दाखवा म्हणाले. ती राहू द्या म्हटलं. घरात किती माल पडून आहे हे एकदा व्यापाऱ्याच्या कानावर गेलं की तो भाव आणखी पाडतो. शिवाय यांच्या खिशात बिड्या.

२ एप्रिल
पुन्हा तेच तंतू. फोटो मात्र छान आलेत. क. भर दुपारी कडुलिंबाखाली जाऊन बसली. "मले आत गुदमरते."

५ एप्रिल
पांढरकवड्याचा एक आला. हायवेवर गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. न विचारता डक्टात औषध फवारलं. क.ला अशी धाप लागली की रिक्षा करून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, घरात कापूस आहे का? म्हटलं, सगळ्यांच्याच घरात आहे.
परत आलो तर हा ओट्यावर. "बाईलेच ॲलर्जी असन त मी काय करू?" हाकलला.

९ एप्रिल
आता प्रश्न कागदावर काढून ठेवले. डक्टाचे तुकडे उघडून साफ करणार का? काय फवारणार? शेवटी माझ्यासमोर कूलर चालवणार का? आधी उत्तरं, मग चहा.
क. म्हणाली, "पोरगी द्याची हाये काय त्याईले?" हसली, आणि हसता हसता खोकला.

१४ एप्रिल
जयंती. क.ची पांढरी साडी कालपासून इस्त्री करून ठेवलेली. चौकापर्यंत आली आणि तिथूनच परत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मिरवणूक कधी चुकली नव्हती. ओट्यावर बसून ढोल ऐकत होती. कोणावर ओरडावं कळेना. मांजरावर ओरडलो.

१६ एप्रिल
रहीमभाईंना बोलावलं. हा डक्ट त्यांनीच ठोकला होता. पण ते पत्रेवाले, साफसफाईवाले नाहीत, म्हणून इतके दिवस मनातच आलं नाही. प्रश्नांचा कागद दिला, तो त्यांनी घडी करून परत केला. डक्टावर टिचक्या मारत कुलपापाशी थांबले.
"मास्तर, या खोलीत बी एक तोंड ठेवलं होतं मी. खोला."
"तिथं काही नाही."
"मंग खोलाले काय हरकत हाये?"
उघडली. कापूस छताला टेकलेला. दाबानं जाळी निखळून हातभर डक्टात शिरलेला. कूलर लावला की तोच डक्टातली धूळ धरून, बारीक होऊन क.च्या उशीवर. ढीग लावताना जाळीकडे मी पाहिलंच नव्हतं.
म्हटलं, तोंडावर पत्रा ठोका.
"ठोकतो. दाराखालून येते त्याले काय ठोकू? पयले कापूस काढा. तोवर हे काम मी नाही करत."
भाव किती पडलाय ठाऊक आहे का, मी ओरडलो.
"ठाऊक हाये. भाभीले दम लागते ते बी ठाऊक हाये."
निघा म्हटलं. चहा न घेता गेले. महिनाभर भरवशाचा माणूस शोधत होतो. तो आला आणि त्याला मीच घालवला.

१७ एप्रिल
क.ला सांगायला गेलो. "मले दिवाळीपासूनच मालूम हाये, कापूस भरला तवापासून."
काहून नाही बोलली?
"बोलली असती त इकला असता काय तुमी?"
इतका राग आयुष्यात कोणाचा आला नव्हता. माझा मलाच.

१९ एप्रिल
व्यापाऱ्याला फोन केला. भाव आणखी खाली. "थांबा ना मास्तर, चढते." नोव्हेंबरपासून हेच म्हणतोय, आणि मीही हेच म्हणतोय.

२० एप्रिल
क. सकाळच्या बसनं भावाकडे मुकुटबनला गेली. पांढरी साडीही पिशवीत घातली. कधी येणार विचारलं, तर पिशवीची गाठ आवळली.
कापसाच्या खोलीची किल्ली या वहीवर ठेवून गेली आहे. ती उचलल्याशिवाय लिहिता येत नव्हतं. डाव्या हातात धरून लिहितोय.