दोन दोऱ्यांची पुडी

पुणे, ता. ४ जुलै १९३८

ती. रखमाजीदादांस सावळारामाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पुड्या पोचल्या. हिर्डोशीच्या जिभळीला तांबडा दोरा, आईच्या माहेरच्या, वेल्ह्याच्या जिभळीला पांढरा. तिला अक्षर येत नाही, पण अशी शिस्त आमच्या कॉलेजातही नाही.

कातळाला चिकटणारी ही शेवाळाची भावंडे. पहिलीचे पोट जांभळे, दुसरीचे हिरवे. मी म्हणतो, जाती दोन. सर म्हणतात, जात एकच; हिर्डोशीला ऊन, वेल्ह्याला सावली, एवढाच फरक. एकाच दगडावर दोघी शेजारी दाखव, मग मानतो, म्हणाले. तशा कुठे मिळणार? माझा प्रबंध इथेच अडला आहे. ताज्या पुड्या पाठवाव्या.

आईच्या पायांवर डोके. माया आहे ती तशीच राहू द्यावी.

सावळाराम

हिर्डोशी, ता. १५ जुलै

चि. सावळारामास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आईनं दोनदा वाचून घेतलं. लावणी टाकून ती चार दिवस कातळ धुंडाळत होती. तुझी वहिनी म्हणते, सासूबाईंना जिभळीचं याड लागलं. सोबत एकच पुडी आहे. दोन्ही दोरे कशाला, म्या इचारलं. पोराला कळंल, तू लिवू नगंस, म्हणाली.

रोपं बरी आहेत. जिवाला जप, आमाला इसरू नको.

रखमाजी

पुणे, ता. २१ जुलै

ती. दादांस सा. न. वि. वि.

पुडी उघडून निराशा झाली. जांभळी आणि हिरवी एकत्र. वेल्ह्याची उरलेली आईने यात मिसळली असणार. हे कुणाला दाखवू? टाकून दिले. तिला म्हणावे, आता चाळिशी लाव; दोरेही एकाच रंगाचे दिसू लागले की काय? थट्टा समजावी. लोभात उणे नको.

सावळाराम

हिर्डोशी, ता. ३० जुलै

सावळाराम,

कोपरा फाडलेलं पत्र बघून समजला असशील. आई परवा गेली.

तुझं पत्र ऐकून ती जेवली न्हाई. सकाळी म्हणाली, म्या मिसळलं न्हाई, पुन्यांदा आणते. पाऊस लई होता. थांब म्हटलं, ऐकलं न्हाई. दुपारी ओढ्यावरच्या कातळाखाली सापडली. पाय घसरला होता.

काल म्या वर चढून गेलो. दगड एकच. दोन्ही जिभळ्या बोटभर अंतरावर. ऊन तेच, पाणी तेच. उलटून बघितल्या. एकीचं पोट जांभळं, एकीचं हिरवं.

तिच्या पदराच्या गाठीत पुडी होती, दोन्ही दोरे बांधलेली. कुणाला हात लावू दिला न्हाई. दहाव्याला ये. दोरे तू सोड.

आज आशीर्वाद लिहवत न्हाई.

रखमाजी