बाबांनी भरलेली काडतुसं

डेस मॉइन्स,
१४ सप्टेंबर १९११

प्रिय आईस,
ऑल्डनचा नमस्कार.

मी धडधाकट आहे, हे आधी वाच आणि मग खाली बस. हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस.

काल नेमबाजी स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत मी आणि माझा मित्र व्हर्जिल बरोबरीत होतो. त्याची काडतुसं संपली, म्हणून मी माझी दिली, बाबांनी घरी भरलेली. मातीची तबकडी उडाली, त्याने चाप ओढला आणि बंदूक हातातच फुटली. डाव्या हाताची तीन बोटं गेली. त्या काडतुसात दारू दुप्पट पडली होती.

पंचांनी विचारलं, "कुणी भरली ही?"

"मीच," म्हणालो. त्यांनी स्पर्धकांच्या यादीतून माझं नाव कायमचं खोडलं.

दवाखान्यात व्हर्जिल म्हणाला, "म्हाताऱ्याला आता दिसत नाही ना रे?" मला मान वर करवेना. उन्हाळ्यातच माझ्या लक्षात आलं होतं, पण बाबांना तसं सांगायचा धीर झाला नाही.

"कुणाला सांगणार नाही," म्हणून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाबांना वर्तमानपत्र तरी वाचता येतं का गं? दारूचा डबा आजच मावशीकडे नेऊन ठेव. त्यांना सांग, ऑल्डनने नेमबाजी सोडली. ते मला भित्रा म्हणतील. म्हणू देत.

तुझाच,
ऑल्डन