चोख सोन्याचं निळं पाणी

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, मामींचं पथ्य आणि तुमचं सराफीचं दुकान, सगळं ठणठणीत असो. माझं विचाराल तर अंगाला सडक्या मासळीचा वास येतो, बाकी बरं आहे.

वास प्रयोगशाळेतल्या अमाइन नावाच्या रसायनाचा. हे अमाइन सोन्याच्या काडीला चिकटतं कसं आणि वीज सोडली की त्याचं ऑक्सिडेशन होतं कसं, यावर माझी पदवी. एकदा चिकटलं की घरजावयासारखं हलत नाही; रोज सकाळी काडी मखमलीवर घासायची, मगच प्रयोग. घासून घासून काडी संपली. नवी मागितली तर माझ्या मार्गदर्शक सरांनी (केबिनला नवा एसी आला हो!) हात वर केले. मग मला दुर्बुद्धी सुचली. माझं लग्न ठरलं म्हणून आईने बांगड्या मोडायला तुमच्याकडे दिल्या आणि तुम्ही त्यांची अंगठी घडवलीत. तांब्याचा कणही घातला नाही, अशी सख्ख्या बहिणीची शपथ घेतलीत. तीच अंगठी मी तारेला बांधून अमाइनमध्ये सोडली.

मामा, पाणी निळंशार झालं! सर नाचायचेच बाकी होते. सोनं कसलं म्हणाले, मी म्हटलं घरचं, चोख. झालं! सोन्यावर अमाइनचा नवाच निळा पदार्थ सापडला, असा लेख सरांनी (पहिलं नाव त्यांचं, माझं शेपटाला) छापायला धाडला आणि माझी पदवी त्यालाच टांगली. अमाइनला तांबं भेटलं की पाणी निळं होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सर माझ्यावर विसंबले, मी आईवर आणि आई तुमच्यावर. चोख सोनं मऊ असतं म्हणे. ही अंगठी हातून निसटली तर खालची काचेची बशी तडकली, तरी माझी ट्यूब पेटली नाही. जळलं मेलं ते शिक्षण! संताप होतो, मामा, आणि तुमच्यावरच होतो.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. छापणारे विचारतात, सोनं किती शुद्ध? दुकानाच्या कागदावर 'शंभर नंबरी' लिहून सहीशिक्क्यासह पाठवा. खोटं आहे हे आपल्या दोघांनाही माहीत आहे, पण नाही पाठवलंत तर माझी पदवी बुडाली.

ता. क. दुसरा. आईला काही बोललो नाही. काल ती ते निळं पाणी बघून गेली. म्हणाली, "माझ्या दादाच्या हातचं सोनं, रंग सुरेखच निघणार." मी हो म्हटलं. शेवटी भाचा तुमचाच.