पाठकोरा कागद

चोआ चू कांग, सिंगापूर
३ नोव्हेंबर २०२४

ती. मनोहरदादांस,
उर्मिलाचा प्रभूच्या नावात सलाम वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. आपल्या गार्गीने चर्चच्या तरुण मंडळासाठी भाषण लिहिलंय. तिने टाकून दिलेला कच्चा खर्डा पाठकोरा म्हणून मी नेहमीसारखा पत्रं लिहायला उचलला, तर पहिल्याच पानावर काय, की पुत्र अनादि नव्हता, पित्याने त्याला निर्माण केलं! माझ्या पोटची पोर प्रभूला देव मानत नाही, दादा! पुढे वाचवलं नाही. पाळकसाहेबांना सांगून मी नाताळच्या वाचनातून तिचं नाव काढायला लावलं. तिने विचारलं, दुसरं पान वाचलंस का. मी म्हटलं, असलं वाचायला देवाने डोळे दिले नाहीत मला. तेव्हापासून ती बुकित पंजांगला मैत्रिणीकडे आहे. हे जहाजावर. तुम्ही पाळकी केलेले, तिचे मामा. तुम्हीच तिचा कान धरा.

तुमची,
उर्मी

नगर
१५ नोव्हेंबर

चि. उर्मीस अनेक आशीर्वाद.

कान तुझाच धरावा लागेल. काटकसर अशी, की पत्र लिहिलंस तेही गार्गीच्या दुसऱ्या पानाच्या पाठीवर! ते वाचलं. पहिल्या पानावरचं मत तिचं नव्हेच, खोडून काढण्यासाठी मांडलंय. सतराशे वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने ते मांडलं आणि बिशपांनी सभा भरवून खोडलं. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा, असं ठरवलं. आणि तो पुरता माणूसही झाला, दुखणं-रडणं सगळं सोसणारा. माणसाचं जे त्याने घेतलंच नसतं, ते बरं झालं नसतं, असं ते जुने धर्मपंडित सांगत. त्याखाली तुझ्याबद्दल आहे. पान परत पाठवतो. तूच वाच.

मनोहरदादा

चोआ चू कांग
२६ नोव्हेंबर

ती. दादांस सलाम.

वाचलं. कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. तिने लिहिलंय, धाकटा भाऊ प्रबोध वारला तेव्हा मी सात वर्षांची. आईने बजावलं, रडायचं नाही, येशू देव होता, त्याला क्रुसावर काही दुखलं नाही. दादा, मी खरंच म्हणाले होते! चौदा वर्षं धर्म समजून तेच धरून बसले, लेकरालाही रडू दिलं नाही. खोटी शिकवण माझ्याच घरात, माझ्याच तोंडची!

तशीच बुकित पंजांगच्या एलआरटी गाडीत बसले. रडू आवरेना. शेजारच्या चिनी आजीने टिश्यूचं अख्खं पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. गार्गीने दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि तीही हमसून रडली. पाळकसाहेबांना दोघींनी मिळून फोन केला. नाताळला तीच वाचणार.

हा कागद नवा, कोरा आहे. याच्या पाठीवर गार्गीने तुम्हाला लिहिलंय. या वेळी आधी वाचून घेतलं.

आम्हा मायलेकींवर माया असू द्या.

तुमची,
उर्मी