झाकणावरची पट्टी

३ नोव्हेंबर, सोमवार

खळ झाली! करायला गेलो चिकन नूडल सूप आणि झाली पाकिटं चिकटवायची खळ. चूक माझीच. सकाळी सातला सगळं एकदम स्लो कुकरमध्ये ढकललं — चिकन, गाजर, कांदा, लसूण, मिरी, पाणी, वर नूडल्सही! टपाल वाटून दोनला घरी आलो तोवर नूडल्सचा पत्ता नाही.

सासूबाईंनी वाकून बघितलं. "झाकण न उघडता, चव न बघता कधी स्वयंपाक होतो होय?" आणि लगेच, "माझा वाडगा काढू नका. भूक नाही."

सासरे जाऊन तीन महिने झाले. तेव्हापासून आई आमच्याकडे आहेत आणि तेव्हापासून हा एकच पाढा. आज वजन साडेअडतीस. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय — अडतीसच्या खाली गेलं की भरती, नाकातून नळी. बायको पंधरा दिवस ट्रेनिंगला गेलीय. संध्याकाळी फोन आला, "आई जेवली?"

जेवली म्हणालो. चक्क थाप!

४ नोव्हेंबर, मंगळवार

नूडल्स शेवटच्या पंधरा मिनिटांत टाकायच्या. कुकरच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय. वाचतंय कोण!

आज नूडल्स छान, पण गाजर कचाकचा. सात तासांनी? आईंनी दोन चमचे घेतले.

५ नोव्हेंबर, बुधवार

आजही गाजर कच्चं. कुकर उचलला आणि भांडायच्या तयारीनेच दुकानात गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "झाकण कोण उघडतं? एकदा उघडलं की अर्धा तास वाढला समजा."

तेव्हा आठवलं, ओट्यावर झाकणाएवढं ओलं वर्तुळ होतं. घरी येऊन विचारलं. "मी कशाला उघडू?" वर माझ्याकडेच डोळे वटारले. चोर तो चोर वर शिरजोर!

६ नोव्हेंबर, गुरुवार

पार्सलची खाकी पट्टी मारली झाकणावरून आडवी. वर मार्करने सही, अर्धी पट्टीवर, अर्धी काचेवर. सीलबंद पाकिटावर करतात तशी. बघू आता कोण उघडतंय!

दोनला पट्टी जशीच्या तशी. आणि सूप काय झालंय! चिकन काट्याने नुसतं सुटत होतं, गाजर लोण्यासारखं.

आई खोलीतून बाहेरच आल्या नाहीत. दारातून हाक मारली तर, "तुमचं तुम्ही खा." एक चमचासुद्धा नाही. डोळे लाल होते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मी गाढव आहे.

बेचाळीस वर्षं त्या बाईने रोज भांड्यांची झाकणं उघडून बघितली. मीठ लागलं का, शिजलं का, ह्यांना आवडेल का. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना चुलीजवळ जावंसं वाटलं आणि मी सील ठोकलं! स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आज पट्टी नाही. कुकरजवळ स्टूल ठेवलं, बशीत एक चमचा.

दोनला चमचा ओला. गाजर कच्चं. वा!

८ नोव्हेंबर, शनिवार

सूपमध्ये ठेचलेलं आलं निघालं. मी घातलेलं नाही. "हे कोणी घातलं?" — "मला काय विचारता? स्वयंपाक तुमचा!"

सूप मात्र पहिल्यांदा तोंडाला चव आणणारं. आईंनी मांडीवर बशी घेऊन अकरा चमचे खाल्ले. वाडगा नकोच म्हणाल्या. मी पेपर वाचल्याचं नाटक करत मोजत होतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

वजन अडतीस किलो शंभर ग्रॅम. मागच्या आठवड्याची उपासमार भोवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काठावर आहेत. गुरुवारी चारला परत आणा. उतरलं असेल तर बॅग भरूनच या."

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाल्या, "नळी नको हो मला."

बायकोला सगळं खरं सांगितलं. थापेचंही. आधी रडली, मग कडाडली, "माझ्या आईला सूप देतोयस की रजिस्टर पार्सल करतोयस?"

११ नोव्हेंबर, मंगळवार

पंधरा चमचे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

"गाजर एवढं जाड कापतात का?" — सकाळी सातला, माझ्या मागे उभ्या राहून! सुरी हातातून काढून घेतली. मी बूट घालून मुकाट बाहेर.

सोळा चमचे. वाडगा अजून नाहीच. उद्या चारला दवाखाना. बॅग भरून पलंगाखाली सरकवून ठेवलीय, त्यांना दिसू नये म्हणून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दोनला घरी आलो. झाकणावर खाकी पट्टी! मी मारलेली नाही. वर सही, अर्धी पट्टीवर, अर्धी काचेवर — आईंची. खाली चिठ्ठी: "जावईबापू, हात लावू नका. नूडल्स मी टाकणार. वाडगे दोन काढा."